बोरीला घातलेला वळसा

वर्ध्याला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात जो तो मला आश्रमाबद्दल विचारतो. झोपडी पाहिली का, सूत कातलं का, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले का. खरं सांगायचं तर स्टेशनवरून जीप निघाली तेव्हा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली, आणि परतताना तीच पाटी दुसऱ्या बाजूने दिसली. मधले सगळे दिवस मी बिनखिडकीच्या एका खोलीत आणि एका शेताच्या बांधावर काढले. पाहण्यासारखं म्हणून जे लोक पाहतात त्यातलं काहीच मी पाहिलं नाही. तरीही तिथून परत येताना मन इतकं भरलेलं होतं की आईने दारातच विचारलं, "रडतेयस की हसतेयस?"

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमचं टेलिफोन खातं तेव्हा विदर्भात काचेच्या तारांची केबल टाकत होतं. केसाएवढी बारीक काचेची तार, आणि तिच्यातून आवाज जायचा तो उजेडाच्या रूपाने. तांब्याच्या तारेवरच्या फोनवर ओरडून ओरडून घसा बसलेल्या आम्हा लोकांना तर ते स्वप्नच वाटायचं. नागपूर आणि वर्ध्याच्या मध्ये हिंगणी गावाशी या केबलचा एक मुक्काम होता आणि तो चालू करून देण्यासाठी मला पाठवलं होतं. एकटीने अंगावर घेतलेलं माझं पहिलंच काम. मुलगी चार वर्षांची होती, तिला आईकडे ठेवलं आणि निघाले.

वर्धा

स्टेशनवर न्यायला वानखेडे आले होते. आमच्याच खात्यातले तंत्रज्ञ, मूळचे तिथलेच, पन्नाशीकडे झुकलेले, डोक्याला मफलर आणि पायात चपला. डिसेंबरातली थंडी होती. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलली, पण यंत्राची पेटी मात्र मला उचलू दिली.

"हे तुमचं तुमीच धरा मॅडम," ते म्हणाले. "माह्या हातून पडलं त जलमभर आठवन राहीन."

स्टेशनबाहेरच्या टपरीवर त्यांनी मला तर्री-पोहे खायला घातले. पोह्यांवर लालभडक रस्सा, वर हरभरे, वर कांदा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वानखेडे काळजीने पाहत होते.

"पुन्यात पोह्यावर काय टाकता?"

"ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू."

"अन् रस्सा?"

"रस्सा नाही."

"म्हंजे कोरडेच गिळता?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची दया होती. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक प्लेट सांगितली आणि ती मी संपवली, हे मी आजही अभिमानाने सांगते.

पहिली रात्र बोरगाव मेघेला एका ओळखीच्या घरी काढली आणि सकाळी जीपने निघालो. सेलूपर्यंतच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या. बैलगाड्यांवर इतका उंच कापूस रचलेला की मागून पाहिलं तर ढगच हलतोय असं वाटावं. गाडी झाडाखालून गेली की बाभळीच्या काट्यांवर त्यातला थोडा थोडा अडकून राहायचा. मैलोन् मैल काट्यांना पांढरी फुलं आल्यासारखी दिसत होती. मी वानखेड्यांना म्हटलं, "किती सुंदर." ते म्हणाले, "सुंदर त हाय, पन नाकात जाते." त्यांच्या या बोलण्याचा अर्थ मला पुढे चांगलाच कळायचा होता.

हिंगणी

सेलू सोडलं की रस्ता बोर धरणाच्या जंगलाकडे वळतो. दोन्हीकडे तूर उभी होती, पिवळ्या फुलांची, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. मागे टेकड्या, आणि टेकड्यांवर पानझडीला लागलेला साग. गावाच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून आमची खोली होती. सिमेंटची, ठेंगणी, लोखंडी दाराची. छपरावर एक वानर बसलं होतं. आम्ही आलो तरी ते हललं नाही. वानखेडे म्हणाले, "तो इथला साहेब हाय." पहिल्याच दुपारी त्या साहेबांनी माझा भाकरीचा डबा उचलून नेला आणि समोरच्या पळसावर बसून निवांत खाल्ला.

खोलीत काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. काचेतून जाणारा उजेड जसजसा लांब जातो तसतसा मंद होतो. नुसता मंद होत नाही, तर फिसकटतोही. लुकलुक, लुकलुक असा निघालेला उजेड लांबवर पोचेपर्यंत एकमेकांत मिसळायला लागतो. तो पार विझायच्या आत वाटेत कुणीतरी त्याला गाठावं लागतं. हे काम करणाऱ्या यंत्राला आम्ही रिजनरेटर म्हणतो. नागपूरकडून येणारा थकलेला उजेड ते वाचतं आणि तसाच्या तसा नवा, ताजा उजेड वर्ध्याकडे पाठवतं. उलट्या दिशेनेही तसंच. या यंत्रासाठी ती बिनखिडकीची खोली.

वर्ध्याहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं, म्हणून माझी सोय गावातल्या थूल मास्तरांकडे केली होती. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे, थोडी शेतीही होती. बारीक अंगाचे, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यातले, बोलायला अगदी कमी. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई मात्र दारातच माझा हात धरून म्हणाल्या, "या वो बाई, किती वाळून गेल्या तुमी. तिकडं जेवू घालत नाई काय?" पुण्यात कुणी मला वाळलेली म्हटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्यांच्या प्रेमात पडले.

घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी लग्न होऊन पुलगावला गेलेल्या मुलीचा फोटो. रात्री जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. भाकर थापताना कौसल्याबाईंनी माझी चौकशी केली. नवरा काय करतो, पोरगी कुणाकडे ठेवली, ती रडते का. मग म्हणाल्या, "अन् तुमचं ते यंत्र काय करते?"

मी जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे जुन्याच उजेडाले फुक मारून पेटवता काय?"

"नाही. जुना इथेच संपतो. तो काय सांगत होता तेवढं वाचून घ्यायचं आणि नवा लावायचा."

त्या थोडा वेळ तव्यावरच्या भाकरीकडे पाहत राहिल्या. "चांगलं हाय," म्हणाल्या, आणि भाकर उलटली.

मास्तर इतक्या वेळात एकच वाक्य बोलले होते: "बाईंले तूप वाढ."

बोरीचं झाड

यंत्र बसवलं, तारा जोडल्या, वीज दिली. नागपूरच्या टोकाला राव नावाचे आमचे अभियंता लेसर चालू ठेवून बसले होते. पण आमच्या खोलीतला लाल दिवा काही विझेना. नागपूरकडून उजेड येत होता, पण इतका मंद की यंत्राला तो वाचताच येत नव्हता.

पुण्याहून आणलेलं मोजणीचं यंत्र लावलं. ते तारेत उजेडाचा एक ठिपका सोडतं, परत आलेला अंश मोजतं आणि दोष किती अंतरावर आहे ते पडद्यावर दाखवतं. दोष फार लांब नव्हता. वानखेडे आणि मी टेप घेऊन केबलच्या चराच्या मागावर निघालो. चर रस्त्याने गेला, मग एका शेताच्या बांधाला लागला, आणि आमचा टेप संपला तो एका जुन्या बोरीच्या झाडाशी. झाडाला बोरं लगडली होती. वानखेड्यांनी एक तोंडात टाकलं.

"थूल मास्तराचं वावर हाय हे," ते म्हणाले.

मातीवरचा चराचा वण स्पष्ट दिसत होता. सगळीकडे दोरी लावल्यासारखा सरळ आलेला, आणि इथे झाडाशी मात्र एकदम कोपर वळावं तसा वळून पुन्हा सरळ झालेला. काचेच्या तारेला असं आखूड वळण चालत नाही. वळणावर उजेड काचेबाहेर सांडतो. दोष सापडला म्हणून मी खूष झाले. उपायही सोपा होता. वळण उकरायचं आणि केबल झाडाच्या बुंध्याजवळून सरळ न्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मजूर कुदळी घेऊन आले. पहिली कुदळ पडली आणि तुरीतून कौसल्याबाई धावत आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, हात चुलीच्या राखेचे.

"थांबा! बाप्पाहो, थांबा! तिथं नोका खंदू!"

मजूर थांबले. कौसल्याबाई बुंध्याशी आल्या आणि मातीत बसल्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. नुसत्या बसल्या, आणि जमिनीवर हात टेकवून माझ्याकडे पाहत राहिल्या.

एक मजूर हळूच म्हणाला, "इथं देव असन काई." वानखेड्यांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मी म्हटलं, "आज राहू दे. चहा घ्या आणि घरी जा." माणसं गेली. मी कौसल्याबाईंना हात देऊन उठवलं. आम्ही दोघी घरी आलो.

दुपारी त्यांनी चुलीत वांगी भाजायला घातली. मास्तर शाळेत होते. मी लसूण सोलत बसले. वांग्याची साल काढता काढता, माझ्याकडे न बघता, त्या बोलायला लागल्या.

"बाई, तिथं माहा पयला पोरगा हाय."

माझे हात थांबले.

"बारशाच्या आधीच गेला. दूधच ओढे नाई नीट. मी बाजीवरून उठू शकत नव्हतो. मास्तर अन् माहे सासरे घेऊन गेले त्याले. आल्यावर मास्तरानं हात धुतले अन् बसून राह्यले. त्या दिसापासून ते त्या झाडाखाली गेले नाई. कापूस येचाले वावरात जातात, पन त्या बांधाले फिरकत नाई. अन् बोललेबी नाई कधी."

"आणि तुम्ही?"

"मी जातो ना. बोरं येचाच्या निमित्तानं जातो." त्यांनी वांग्यावर मीठ टाकलं. "उन्हाळ्यात तुमचे केबलवाले आलते. मी त्याईले म्हटलं, बाप्पाहो, जरासं बाजूनं न्या. त्याईनं काऊन म्हून इचारलंबी नाई. बाजूनं नेलं. चांगले होते पोट्टे."

म्हणजे ते कोपरासारखं वळण तसं आलं होतं. कुणीतरी काही न विचारता एका आईचं ऐकलं होतं, आणि आता त्या आखूड वळणातून नागपूरहून निघालेला उजेड त्या बोरीच्या मुळाशी सांडत होता.  मी लसूण तसाच ठेवला आणि त्यांच्याजवळ सरकून बसले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सांत्वन त्यांनीच माझं केलं.

"तुमी कोनाले सांगू नोका," त्या म्हणाल्या. "लोकं आता देव करतीन त्याचा. लहानसं लेकरू होतं ते."

सेलूचा फोन

दुसऱ्या दिवशी सेलूला जाऊन नागपूरच्या साहेबांना फोन लावला. तांब्याच्या तारेवरचा फोन, त्यामुळे मला पोस्टातल्या सगळ्यांच्या देखत ओरडावं लागलं.

"केबल सरळ नेता येत नाही सर! मोठा वळसा घालून न्यायला हवी! मध्ये नवा तुकडा घालते!"

"तुकडा घातला की दोन जोड वाढणार!" साहेबही ओरडले. "प्रत्येक जोडाला उजेड कमी होतो, हे तुम्हाला मी सांगायचं? आधीच तुमच्याकडे काठावर पोचतोय!"

"चांगला जोड केला तर पुरेल सर!"

"आणि नाही पुरला तर? सरळ खोदायला अडचण काय आहे?"

पोस्टमास्तर, दोन शेतकरी आणि पाकीट चिकटवणारी एक बाई, सगळे माझ्याकडे पाहत होते. कारण सांगितलं असतं तर साहेबही माणूसच होते, कदाचित विरघळले असते. पण कौसल्याबाईंनी सांगू नका म्हटलं होतं.

"जागा योग्य नाही सर!"

 खरखरीतून आवाज आला, "तुमच्या जबाबदारीवर करा. नाही जमलं तर मी दुसऱ्या कुणालातरी पाठवतो आणि तो सरळ खोदेल." फोन ठेवला.

साहेबांनी ते शेवटचं वाक्य धमकी म्हणून म्हटलं नसेल, पण मला ते तसंच लागलं. म्हणजे आता जमायलाच हवं होतं. परतताना जीपमध्ये मी वानखेड्यांना एवढंच म्हटलं, की आपण झाडाला लांबून वळसा घालणार आहोत. त्यांनी कारण विचारलं नाही. बराच वेळ गाडी चालवल्यावर म्हणाले, "माह्या बायकोचंबी एक गेलं होतं, मॅडम. अशीच एक जागा हाय आमची." काही गोष्टी तिकडे न सांगता कळतात.

ओली लुगडी

नवा चर खणायला दोन दिवस लागले. बोरीला मध्ये ठेवून, तुरीच्या कडेने, गाडीच्या चाकासारखा गोल, पण खूप मोठा, सावकाश वळसा. जुन्या आखूड वळणाच्या दोन्ही बाजूंना केबल कापली आणि नवा तुकडा घातला. आता राहिले दोन जोड.

काचेची दोन टोकं जोडायची म्हणजे ती आरशासारखी सपाट कापायची, समोरासमोर आणायची आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायची. मध्ये धुळीचा कण आला की जोड बिघडला. त्यासाठी आमच्याकडे छोटासा तंबू होता. पण तो उभा करून पहिला जोड केला तो वाईट आला. कापून पुन्हा केला, पुन्हा वाईट. भिंगातून पाहिलं तर टोकांवर पांढरे बारीक तंतू. आजूबाजूच्या शेतांत वेचणी चालू होती आणि कापूस हवेत तरंगत होता. रस्त्यात मला सुंदर वाटलेला तो कापूस आता माझ्या मुळावर आला होता. त्यातच काचेचा एक कण बोटात रुतला आणि रक्त आलं.

प्रत्येक वेळी कापलं की तार थोडी आखूड होते. आता फार वेळा कापण्याइतकी तार शिल्लक नव्हती. मी तंबूबाहेर येऊन बांधावर बसले. कौसल्याबाई सकाळपासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. त्या जवळ आल्या, माझं बोट पदराने पुसलं आणि अगदी हळू म्हणाल्या,

"बाई, सरळच न्या तुमी. तुमाले वरून बोलनं खावं लागन. तो काई म्हननार नाई."

त्या हे किती मनापासून म्हणत होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला ओले कपडे हवेत. भरपूर. तंबूभोवती लावायचे, म्हणजे कापूस त्यांनाच चिकटेल."

त्या घराकडे पळाल्या. आल्या त्या डोक्यावर भिजवलेल्या लुगड्यांचा भारा घेऊन, आणि त्यांच्यामागून पाण्याच्या बादल्या घेऊन थूल मास्तर. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. बांधाच्या टोकाशी येऊन मास्तर थांबले. कौसल्याबाईंनी मागे वळून पाहिलं, पण हाक मारली नाही. मास्तरांनी बादल्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या आणि चालत आले, बोरीच्या सावलीपर्यंत.

आम्ही तंबूभोवती दोऱ्या बांधून लुगडी टाकली. एका बाजूला दोरी पुरली नाही, तिथे मास्तर आणि कौसल्याबाई एका लुगड्याची दोन टोकं धरून उभे राहिले. जमिनीवर पाणी शिंपडलं. वाऱ्यावर उडणारा कापूस ओल्या कापडाला चिकटत होता. मी आत गेले. वानखेड्यांनी बॅटरी धरली. मी श्वास रोखून टोकं कापली, पुसली, समोरासमोर आणली.

तंबूचं कापड पातळ. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग मास्तरांचा आवाज, शाळेत असतो त्याहून वेगळा.

"जावळ लय दाट होतं त्याचं."

 मी ठिणगीच्या बटनावर बोट ठेवून तशीच थांबले. वानखेडेही बॅटरी धरून पुतळ्यासारखे.

"तुमाले आठवते?" कौसल्याबाईंचा आवाज आला.

"न आठवाले काय झालं? माह्याच हातात होता ना तो. टोपडं घातलं होतं, त्याच्या भाईर येत होतं जावळ."

"मले वाटलं तुमी इसरून गेले."

"तुह्यासमोर नाव काढलं त तू रडशीन, म्हून नाई बोललो."

"अन् मी तुमच्यासाठी नाई बोललो," त्या म्हणाल्या.

मी बटन दाबलं. निळी ठिणगी चमकली. भिंगातून पाहिलं तर जिथे दोन टोकं होती तिथे आता काहीच दिसत नव्हतं, सलग काच होती. असा जोड मी त्याआधी कधी केला नव्हता. त्यानंतरही फार थोडे केले.

दुसरा जोड वळशाच्या पलीकडच्या टोकाला होता. तंबू, लुगडी, बादल्या सगळं तिकडे हलवलं. तोही पहिल्याच खेपेला जमला. बाहेर आले तेव्हा ते दोघं लुगडं हातात धरून तसेच उभे होते. वारा पडला होता, कापूस उडत नव्हता, तरी त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं. लुगड्यावर कापसाचे पुंजके चिकटले होते आणि कौसल्याबाईंचा चेहरा ओला होता. मास्तर बोरीच्या बुंध्याकडे पाहत होते. मी वानखेड्यांना खुणावलं आणि आम्ही दोघं खोलीकडे निघालो. माती लोटायचं काम नंतर केलं तरी चालणार होतं.

हिरवा दिवा

खोलीत शिरले तेव्हा लाल दिवा विझलेला होता. त्याच्या जागी हिरवा लागला होता. मी मुद्दाम मोजून पाहिलं. नागपूरचा उजेड पोचत होता, भरपूर नाही, पण पुरेसा. यंत्र तो वाचत होतं आणि नवा करून वर्ध्याकडे सोडत होतं. वानखेडे म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी मफलर काढून तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन छपरावरच्या वानराला उरलेली भाकर दिली.

थोड्या वेळाने मास्तर आणि कौसल्याबाई आले. मास्तरांच्या हातात डबा होता: गोळाभात, वर गरम तेलाची फोडणी. माझ्यासाठी म्हणून कौसल्याबाईंनी घाईघाईत केला होता. बेसनाचे गोळे भातात वाफवलेले. तो पदार्थ पुण्यात मी अनेकदा करून पाहिला, पण गोळे दर वेळी फुटतात.

मी जेवायला बसणार इतक्यात यंत्रावरचा फोन वाजला. आमच्या मुक्कामांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्याच काचेतून चालणारा तो फोन. यापूर्वी तो कधी वाजलाच नव्हता. मी उचलला. पलीकडे नागपूरहून राव होते.

"मॅडम, एकदम साफ आ रहा है," ते म्हणाले. आवाज इतका जवळचा की मी दचकून मागे पाहिलं. सेलूच्या पोस्टात ओरडून घसा बसवलेली मी, आता कुजबुजले तरी चालणार होतं. "कुछ बोलते रहिए, मैं देखता हूँ."

पुढे या वाटेचं उद्घाटन झालं तेव्हा मोठमोठी माणसं इथून बोलली असतील, त्यांचे फोटोही छापून आले असतील. पण त्या दुपारी माझ्या मनात एकच आलं. मी फोन कौसल्याबाईंच्या हातात दिला.

"मी काय बोलू वो?"

"काहीही बोला. ते ऐकतायत."

त्यांनी फोन उलटा धरला होता. मास्तरांनी तो सरळ करून दिला आणि त्यांच्या कानाशी स्वतःही कान लावला. कौसल्याबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि नागपूरच्या त्या अनोळखी माणसाला विचारलं,

"जेवले काय जी?"

 पलीकडे राव हसले. त्या बिनखिडकीच्या खोलीत आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं.

"नहीं माताजी. सुबह से आप ही लोगों का इंतज़ार कर रहा था. डिब्बा यहीं रखा है."

"आतापर्यंत उपाशी? काऊन?" कौसल्याबाईंचा आवाज चढला. नागपूर आता त्यांना अजिबात लांब वाटत नव्हतं. "आमचं काम कोठी पळून जाऊन राह्यलं काय? उघडा डबा. आधी जेवून घ्या."

"जी माताजी."

आणि मग आम्ही चौघांनी ऐकलं: नागपूरला एका टेबलावर स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, लख्ख, जणू शेजारच्या खोलीत. कौसल्याबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

फोन आणखी घट्ट धरून कौसल्याबाई म्हणाल्या, "कायची भाजी आनली?"